रसायनांची आयात: एका पिंपामागचे अनेक कायदे

औषधाची गोळी, भिंतीचा रंग, कापडाची छपाई, शेतातील फवारणी आणि सोफ्यातील फोम यांच्यामागे जी रसायने असतात, त्यांतील अनेक रसायने भारतात परदेशांतून येतात. तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम, तारापूर आणि कुरकुंभ येथील कारखान्यांना लागणारा असा बराच कच्चा माल उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात उतरतो. बंदरात उतरलेले पिंप कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याला जी कागदपत्रे, तपासण्या आणि परवानग्या पार कराव्या लागतात, त्यांचा पसारा बाहेरच्या माणसाला गोंधळात टाकणारा असतो. याचे मुख्य कारण असे, की भारतात रसायनांच्या आयातीसाठी एकच एक कायदा नाही. सीमाशुल्क, परराष्ट्र व्यापार, पर्यावरण, औषधे, कीटकनाशके, अमली पदार्थ, स्फोटके आणि मानके अशा वेगवेगळ्या हेतूंनी झालेले कायदे एकाच पिंपाकडे आपापल्या बाजूने पाहतात. तरीही या पसाऱ्याच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत: हा पदार्थ नेमका कोणता, आणि तो कशासाठी येत आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या आयातदाराकडे माल जहाजावर चढण्यापूर्वीच तयार असतात, त्याचा माल सहसा अडत नाही.

कायद्यांची घडण

आयातीच्या कारभाराचा पाया म्हणजे सीमाशुल्क अधिनियम, १९६२. माल देशात कसा आणावा, त्याची घोषणा कशी करावी, अधिकाऱ्याने तो केव्हा अडवावा, जप्त करावा किंवा सोडावा, हे सारे त्यात सांगितले आहे. शुल्काचे दर मात्र सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या अनुसूचीत असतात. कोणता माल मुक्तपणे आणता येईल, कोणत्या मालाला परवाना लागेल आणि कोणत्या मालाला पूर्ण बंदी असेल, हे विदेश व्यापार (विकास व नियमन) अधिनियम, १९९२ खाली विदेश व्यापार महासंचालनालय ठरवते. याच कार्यालयाकडून मिळणारा आयातदार-निर्यातदार कोड, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलण्यातील ‘आयईसी’, हाती असल्याशिवाय सर्वसाधारणपणे कोणालाही व्यापारी आयात करता येत नाही.

रसायनांसाठीचे खास नियम त्यामानाने उशिरा आले आणि त्यांना एका मोठ्या दुर्घटनेची पार्श्वभूमी आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट या वायूच्या गळतीने हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांविषयीचे नियम करण्यात आले. या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ६८४ रसायनांची यादी आहे. शिवाय विषारीपणा, ज्वलनशीलता आणि स्फोटकता यांचे निकषही दिलेले आहेत. घातक रसायन आणणाऱ्याने माल येण्याच्या ३० दिवस आधी, किंवा ते जमत नसेल तर जितके लवकर शक्य असेल तितके, पण आयातीच्या दिवसापलीकडे न जाता, संबंधित प्राधिकरणाला पाच गोष्टी कळवायच्या असतात: माल घेणाऱ्याचे नाव व पत्ता, प्रवेशाचे बंदर, वाहतुकीचा प्रकार, रसायनाचे प्रमाण आणि सुरक्षिततेची संपूर्ण माहिती. सुरक्षितता किंवा पर्यावरण यांच्या दृष्टीने एखादे रसायन देशात येऊ नये असे प्राधिकरणाला वाटले, तर त्याची आयात थांबवण्याचा अधिकारही या नियमांत आहे.

रसायनाची ओळख

साखर किंवा कापड नजरेने ओळखता येते; पण पाण्यासारखे दिसणारे पाच रंगहीन द्रव पाच बाटल्यांत ठेवले, तर अनुभवी रसायनतज्ज्ञही चाचणीशिवाय त्यांविषयी ठामपणे बोलणार नाही. त्यामुळे रसायनाच्या व्यवहारात नावाला फार महत्त्व असते आणि व्यापारी नाव त्यासाठी पुरत नाही. प्रत्येक रसायनाला त्याच्या रचनेवरून ठरणारे शास्त्रीय नाव असते, तसाच ‘कॅस क्रमांक’ नावाचा जगभर मान्य असलेला नोंदणी क्रमांकही असतो. मिथेनॉलचा कॅस क्रमांक ६७-५६-१ आहे. विक्रेत्याने पिंपावर कोणतेही नाव छापले, तरी हा क्रमांक बदलत नाही. २०२३ पासून सीमाशुल्क खात्याने शुल्क-वर्गीकरणाच्या काही प्रकरणांतील रसायनांच्या आयात-घोषणेत शास्त्रीय नाव आणि कॅस क्रमांक देणे बंधनकारक केले आहे. संदिग्ध व्यापारी नावाखाली माल आणण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली आहे.

वाहतुकीसाठी आणखी एक क्रमांक लागतो. समुद्रमार्गे जाणारा धोकादायक माल आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नऊ वर्गांत विभागलेला असून तिसऱ्या वर्गात ज्वालाग्राही द्रव आणि आठव्यात क्षरणकारी, म्हणजे धातू व त्वचा जाळणारे, पदार्थ मोडतात. मिथेनॉल तिसऱ्या वर्गात मोडते, विषारीपणा हा त्याचा दुय्यम धोका मानला जातो आणि त्याचा संयुक्त राष्ट्रसंघाचा क्रमांक १२३० आहे. कंटेनरवरचा चौकोनी धोकादर्शक फलक, जहाज कंपनीला दिलेले धोकादायक मालाचे घोषणापत्र आणि ‘एमएसडीएस’ या नावाने परिचित असलेले सुरक्षा माहितीपत्रक या तिन्ही ठिकाणी हा क्रमांक सारखाच दिसावा लागतो.

तिसरा क्रमांक शुल्काचा. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली आणि १ जानेवारी १९८८ पासून अमलात आलेली वर्गीकरण-पद्धती, म्हणजेच ‘एचएस कोड’, जगातील बहुतेक व्यापारात वापरली जाते. तिचे पहिले सहा अंक सर्व देशांत समान असतात. भारत त्यांना आणखी दोन अंक जोडतो. प्रकरण २८ मध्ये असेंद्रिय रसायने, २९ मध्ये सेंद्रिय रसायने आणि ३८ मध्ये संकीर्ण रासायनिक उत्पादने येतात. प्रकरण २९ च्या पहिल्या टिपेनुसार त्यात मुख्यतः स्वतंत्र, निश्चित रासायनिक रचना असलेली संयुगे बसतात. त्यांत अशुद्धी असली किंवा ती पाण्यात विरघळलेली असली, तरी चालते. वाहतुकीतील सुरक्षिततेसाठी अन्य द्रावक वापरणे आवश्यक असेल, तर तेही चालते. मात्र एखाद्या विशिष्ट उपयोगासाठी मुद्दाम मिश्रण केले की माल बहुधा प्रकरण ३८ मध्ये किंवा रंग-थिनरसारख्या अन्य शीर्षकाखाली जातो. शुद्ध टोल्युइन आणि टोल्युइन घातलेले थिनर ही कारखान्याच्या दृष्टीने जवळची भावंडे असली, तरी शुल्काच्या पुस्तकात ती वेगवेगळ्या पानांवर राहतात. वादांचा मोठा भाग याच सीमारेषेवर उभा राहतो. ज्याला आपल्या मालाच्या वर्गीकरणाची खात्री नाही, त्याला आयातीपूर्वीच सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. २०२१ पासून हे प्राधिकरण मुंबई आणि दिल्ली येथे काम करते आणि त्याचा निर्णय अर्जदार व अधिकारी दोघांवरही बंधनकारक असतो.

उपयोगानुसार परवानगी

पदार्थ ओळखला, तरी तो कशासाठी येत आहे हा दुसरा प्रश्न उरतोच. औषधाचा मूळ घटक म्हणून येणाऱ्या रसायनाला औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली परदेशी उत्पादकाची नोंदणी आणि आयात परवाना लागतो आणि बंदरावर औषध नियंत्रक कार्यालयाची मंजुरी मिळवावी लागते. कीटकनाशक म्हणून येणाऱ्या रसायनाला कीटकनाशके अधिनियम, १९६८ खालील नोंदणी लागते. या दुसऱ्या कायद्याचे एक उदाहरण बोलके आहे. कॅरमच्या फळीवर टाकण्याची पावडर म्हणून घरोघरी ठाऊक असलेले बोरिक ॲसिड काच आणि सिरॅमिक उद्योगांत मोठ्या प्रमाणावर लागते. पण त्याचे नाव कीटकनाशकांच्या अनुसूचीत असल्याने काच बनवणाऱ्यालाही, कीटकनाशकाशी आपला काही संबंध नसताना, कीटकनाशक नोंदणी समितीची आयात-परवानगी काढावी लागते.

ॲसेटिक ॲनहायड्राइडची गोष्ट याहून गंभीर आहे. ॲस्पिरिनच्या निर्मितीत ते लागते आणि मॉर्फिनचे हेरॉईन करण्यासाठीही तेच लागते. त्यामुळे एफेड्रिन आणि स्युडोएफेड्रिन यांच्याप्रमाणेच ते अमली पदार्थविषयक कायद्याखालील २०१३ च्या नियंत्रित पदार्थ आदेशात येते आणि त्याच्या आयातीसाठी ग्वाल्हेर येथील नार्कोटिक्स आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. सौंदर्यप्रसाधनांत आणि सिमेंट उद्योगात वापरले जाणारे ट्रायइथेनॉलअमाइन रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, कारण त्यापासून अस्त्र म्हणून वापरता येणारा एक मस्टर्ड वायू तयार करता येतो. हा करार १९९७ मध्ये अमलात आला आणि भारताने त्यासाठी २००० मध्ये स्वतंत्र कायदा केला. वातानुकूलन यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या आणि ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंना २००० सालच्याच ओझोनविषयक नियमांखालील परवाना लागतो.

ज्वालाग्राही व स्फोटक मालावर देखरेख ठेवणारी यंत्रणा महाराष्ट्रातच आहे. पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’, हिचे मुख्यालय नागपूरला असून तिची परंपरा १८९८ पर्यंत मागे जाते. पेट्रोलियम अधिनियमाच्या भाषेत पेट्रोलियम म्हणजे केवळ पेट्रोल-डिझेल नव्हे, तर द्रव हायड्रोकार्बन. ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्या तापमानाला प्रज्वलनांक म्हणतात. २३ अंश सेल्सिअसच्या खाली प्रज्वलनांक असलेला माल ‘अ’ वर्गात मोडतो. टोल्युइन या वर्गात येते, म्हणून ते आणणाऱ्याला परवानाप्राप्त साठवणुकीची सोय दाखवावी लागते. मिथेनॉल तितकेच सहज पेट घेते, पण ते हायड्रोकार्बन नसून अल्कोहोल असल्यामुळे या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. मात्र म्हणून ते मोकळे सुटते असे नाही. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा दुरुपयोगाच्या धोक्यामुळे मिथेनॉलचा साठा आणि विक्री यांवर विष अधिनियम, १९१९ खालील राज्याच्या नियमांचे नियंत्रण आहे.

अलीकडच्या काळात यात भारतीय मानक ब्यूरोची भर पडली. २०१८-१९ पासून कॉस्टिक सोडा, मिथेनॉल, ॲसेटिक ॲसिड, ॲनिलीन अशा रसायनांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. ज्या रसायनावर असा आदेश लागू असतो, ते परदेशी कारखान्याने ब्यूरोचा परवाना घेऊन मानकचिन्ह लावल्याशिवाय साधारणपणे भारतात आणता येत नाही. निकृष्ट माल रोखणे हा या आदेशांचा उद्देश सांगितला जातो. परंतु ज्या कच्च्या मालाचे परदेशी उत्पादक मोजके आहेत, तेथे पुरवठाच आटतो अशी तक्रार वापरकर्त्या उद्योगांनी सातत्याने केली आणि काही आदेश पुढे ढकलले गेले, काही मागेही घेतले गेले.

बंदरावरील प्रक्रिया

माल येण्याआधी आयातदार, किंवा बहुधा त्याच्या वतीने परवानाधारक कस्टम्स ब्रोकर (ज्याला बंदरावर आजही जुन्या सवयीने ‘सीएचए’ म्हणतात), ‘आइसगेट’ या संगणकीय व्यवस्थेवर बिल ऑफ एंट्री दाखल करतो. मालाचे वर्णन, वर्गीकरण, किंमत आणि शुल्क यांची ही अधिकृत घोषणा असते. हे सारे कागदावर चाले तेव्हा थेट वापरासाठीचे बिल पांढरे, बाँडेड, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवता येणाऱ्या, गोदामात ठेवण्यासाठीचे पिवळे आणि गोदामातून सोडवण्यासाठीचे हिरवे असे. जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत हे बिल दाखल व्हावे असा सर्वसाधारण नियम आहे. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस दररोज ५,००० रुपये आणि पुढे दररोज १०,००० रुपये आकार बसू शकतो. बिलाबरोबर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, जहाज कंपनीची मालपावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग, विश्लेषण प्रमाणपत्र, सुरक्षा माहितीपत्रक आणि लागू असतील ते परवाने जोडले जातात.

२०११ पासून शुल्काची आकारणी प्रथम आयातदार स्वतः करतो आणि खाते ती तपासते. २०२० पासून ही तपासणी ‘फेसलेस’ झाली आहे, म्हणजे न्हावा शेवा येथे उतरलेल्या मालाचे कागद दुसऱ्या शहरातील अधिकारी तपासू शकतो. जोखीम व्यवस्थापन प्रणाली कोणत्या बिलाची छाननी करायची आणि कोणता कंटेनर उघडायचा हे ठरवते. ज्यांची निवड होत नाही, ते शुल्क भरताच पुढे सरकतात. कागदांवरून माल समजत नसेल, तर अधिकारी प्रश्न विचारतो आणि रसायनांच्या बाबतीत हा प्रश्न पुष्कळदा उपयोग, शुद्धता किंवा घटकांचे प्रमाण यांविषयीचा असतो.

शुल्काचे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मालाची किंमत, जहाजभाडे आणि विमा मिळून आकारणीयोग्य मूल्य ठरते. भाडे ठाऊक नसेल तर ते मालाच्या किमतीच्या २० टक्के आणि विमा ठाऊक नसेल तर १.१२५ टक्के धरला जातो. समजा हे मूल्य १०,००,००० रुपये आहे आणि मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के आहे, तर ते ७५,००० रुपये होते. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ७,५०० रुपये, लागतो. आता बेरीज १०,८२,५०० रुपये झाली. तिच्यावर १८ टक्के दराने एकात्मिक वस्तू व सेवा कर १,९४,८५० रुपये होतो. एकूण देय रक्कम २,७७,३५० रुपये, म्हणजे मूल्याच्या २७.७३५ टक्के. यातील वस्तू व सेवा कराची वजावट नोंदणीकृत उद्योगाला पुढे मिळते. मूळ शुल्क आणि अधिभार मात्र मालाच्या खर्चात जमा होतात. ज्या देशाचा माल आपल्या नेहमीच्या किमतीपेक्षा स्वस्तात भारतात ओतला जातो, त्यावर अँटी-डंपिंग शुल्क बसू शकते, आणि ज्या देशाशी मुक्त व्यापार करार आहे तेथील माल कमी दराने येऊ शकतो; पण २०२० पासून केवळ उगमाचे प्रमाणपत्र पुरत नाही, तर माल खरोखर त्या देशात तयार झाल्याची माहिती आयातदाराने जवळ बाळगावी लागते. मूळ दर धोरणानुसार बदलतात: २०२२ च्या अर्थसंकल्पात मिथेनॉलवरील मूळ शुल्क १० टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणले गेले.

नमुना आणि निकाल

शंका आली की माल उघडला जातो. बंदराबाहेरील कंटेनर फ्रेट स्टेशनात, म्हणजे ‘सीएफएस’मध्ये, आयातदाराच्या प्रतिनिधीसमोर सील तोडून काही पिंपांतून नमुना काढतात. त्याचे भाग सीलबंद होतात आणि चाचणीचे टिपण जोडून ते सीमाशुल्क प्रयोगशाळेत पाठवले जातात. अहवाल येण्यास वेळ लागणार असेल, तर बंधपत्र घेऊन माल तात्पुरत्या आकारणीवर सोडण्याची तरतूद आहे. तसे न झाल्यास सीएफएसचे जागाभाडे आणि जहाज कंपनीचे कंटेनरभाडे रोज वाढत राहते आणि कमी किमतीच्या रसायनाच्या बाबतीत ते नफा गिळून टाकते.

प्रयोगशाळेचा अहवाल वजनदार असला, तरी तो अंतिम शब्द नसतो. बेस ऑइल, म्हणजे वंगणाचे मूळ तेल, म्हणून घोषित केलेला माल प्रत्यक्षात डिझेल आहे, असा खात्याचा आक्षेप असलेले एक प्रकरण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिझेलची आयात खासगी व्यापाऱ्याला खुली नसल्याने आरोप गंभीर होता. परंतु डिझेलच्या भारतीय मानकात दिलेल्या सर्व निकषांवर माल तपासलाच गेला नव्हता, त्यामुळे खात्याचा दावा टिकला नाही. चुकीची घोषणा सिद्ध झाली तर मालजप्ती, तो सोडवण्यासाठी दंड आणि वेगळी शास्ती असे परिणाम होतात; पण ती सिद्ध करण्याची शास्त्रीय जबाबदारी खात्यावर असते, हे या निकालाने ठसवले.

रेंगाळलेला माल

आयातदाराने ३० दिवसांत माल सोडवला नाही, तर नोटीस देऊन तो विकता येतो. व्यवहारात वाद, परवान्यांचा अभाव किंवा बाजारभावातील घसरण यांमुळे काही कंटेनर महिनोन्‌महिने पडून राहतात आणि त्यांत रसायने असली, तर प्रश्न महसुलाचा न राहता सुरक्षिततेचा होतो. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात अनेक वर्षे साठवलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, तेव्हा चेन्नईजवळच्या एका सीएफएसमध्ये २०१५ मध्ये जप्त केलेले याच रसायनाचे सुमारे ७०० टन पडून असल्याची बाब चर्चेत आली आणि तो साठा घाईने हैदराबादकडे हलवण्यात आला. त्यानंतर २०१२ च्या अमोनियम नायट्रेट नियमांत दुरुस्ती होऊन बंदरात आलेला माल बंदरक्षेत्राबाहेर ५०० मीटरपलीकडील साठवणगृहात नेणे आणि जप्त मालाची विल्हेवाट लावणे यांसाठी तरतुदी करण्यात आल्या. भारतातील रसायनविषयक नियम बऱ्याचदा असे दुर्घटनेच्या मागून आलेले आहेत.

याउलट युरोपीय संघाने २००७ पासून ‘रीच’ नावाची एकच चौकट लागू केली. तीत वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक रसायन बनवणाऱ्या किंवा आणणाऱ्याला त्याची नोंदणी करून सुरक्षिततेची माहिती स्वतः पुरवावी लागते. भारतातही अशा एकत्रित नियमांचे मसुदे तयार झाले, पण ते वर्षानुवर्षे मसुद्याच्याच पातळीवर राहिले. असे नियम लागू होईपर्यंत काच कारखानदाराला कीटकनाशक समितीकडे जावे लागणार आणि एकाच पिंपासाठी चार खात्यांत चार अर्ज करावे लागणार. मोठ्या कंपन्या त्यासाठी स्वतंत्र विभाग ठेवू शकतात. खरा भार पडतो तो वर्षाला दोन-चार कंटेनर आणणाऱ्या लघुउद्योजकावर. त्याने खरेदीचा करार करण्यापूर्वी कॅस क्रमांक, आठ अंकी वर्गीकरण, मालाचा उपयोग आणि लागू असलेली परवानगी या चार गोष्टी लेखी निश्चित कराव्यात, कारण जहाज निघाल्यानंतर मिळवलेला परवाना बहुतेक वेळा उशिराच येतो. सरकारनेही या विखुरलेल्या तरतुदी एका कायद्याखाली आणून एका रसायनाची ओळख एकदाच तपासली जाईल अशी व्यवस्था करायला हवी. व्यापाराची सोय आणि लोकांची सुरक्षितता ही दोन्ही कामे तिने साधतील.